लक्ष्मीबाई टिळक : हसतमुख श्रद्धेची कहाणी

टिळक हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे लोकमान्य उभे राहतात आणि ते साहजिकच आहे. परंतु त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक टिळक होऊन गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून पाठ्यपुस्तकांतून आपण त्यांना ओळखतो. मात्र आज मला लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी नव्हे, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याविषयी. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी उतारवयात आपल्या आठवणी लिहिल्या आणि मराठी भाषेला ‘स्मृतिचित्रे’ हा अमोल ग्रंथ मिळाला.

हा ग्रंथ माझ्या हाती कसा आला ते सांगतो. मी तेव्हा अकरावीत होतो. आमच्या कडोली गावच्या वाचनालयातून पाठपुठ्ठा निखळलेली एक प्रत मी घरी आणली होती. आमचे घर वारकऱ्यांचे. आजीला अक्षरओळख नव्हती, पण ऐकण्याची आवड फार. रात्री जेवणे उरकली की सोप्यात कंदील ठेवून मी तिला काहीबाही वाचून दाखवीत असे. हरिविजय, पांडवप्रताप यांची पारायणे झाली होती. म्हणून यावेळी हे पुस्तक काढले. पहिल्याच रात्री आजी पदर तोंडाला लावून हसू लागली. ते हसू आणि पुढे आलेले रडू मी अजून विसरलेलो नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूर या खेड्यात गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात सगळे मनू म्हणत. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले होते. त्या धक्क्यातून मनूच्या वडिलांच्या, नानांच्या, मनाने सोवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. बाजारातून येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. मीठ आणि साखरसुद्धा धुतली जाई! मीठ धुतल्यावर काय उरत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. त्या घरातल्या बायकामाणसांचे किती हाल झाले असतील! पण लक्ष्मीबाई हे सारे सांगतात ते हसत हसत. वडिलांवर राग नाही, नशिबाला बोल नाही. एका दुखावलेल्या माणसाचा तो वेडेपणा होता, हे त्यांनी समजून घेतले होते.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा नारायणरावांशी विवाह झाला. नारायणराव वयाने सात वर्षांनी मोठे, बुद्धीने तेजस्वी, संस्कृताचे जाणकार, कीर्तन करणारे, कविता रचणारे आणि स्वभावाने वाऱ्यासारखे. आज या गावी शिक्षक तर उद्या त्या गावी. मनात आले की न सांगता घरातून निघून जावे, महिना-महिना पत्ता लागू देऊ नये, आणि एके दिवशी अचानक दारात उभे राहावे. हाती पैसा आला की समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन टाकावा. घरात पीठ आहे की नाही याची चौकशी करण्याचे कामच नाही. सासरे कडक स्वभावाचे. मुलगी कधी माहेरी, कधी सासरी, कधी नातेवाइकांकडे अशी फिरत राहिली. पोटची मुले गमावण्याचे दुःखही तरुणपणीच वाट्याला आले. या काळात एकच गोष्ट लाभाची झाली. लहर लागली की नारायणराव बायकोला अक्षरे शिकवीत. शिकवताना रागावत आणि मध्येच सोडून देत. पण त्या तुटक शिकवणीवर लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या.

१८९१ साली दत्तूचा, म्हणजे पुढे देवदत्त टिळक म्हणून नावारूपाला आलेल्या मुलाचा जन्म झाला. संसाराला आता स्थैर्य येईल असे वाटू लागले. तोच एक वादळ आले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्याने त्यांना बायबलाचा नवा करार वाचायला दिला. धर्म आणि समाज या प्रश्नांवर टिळक आधीपासूनच अस्वस्थ होते. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला बंधुभावाचा धर्म हवा, असे त्यांना वाटत असे. डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना आपल्या प्रश्नांची उत्तरे सापडल्यासारखे वाटले. पुष्कळ विचारांती, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या पत्नीला त्यांनी हा निर्णय आधी समजावून सांगितला नव्हता.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. धर्मांतराच्या कथा आपण बहुधा पुरुषाच्या बाजूने ऐकतो. त्याची तळमळ, त्याचा शोध, त्याचे धैर्य. आपल्याच बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींचे उदाहरण घ्या. ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ सालची, मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी लिहिणारा हा बेळगावकर. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला प्रवास लिहून ठेवला. पण घरात मागे राहिलेल्या बाईचे काय झाले असेल? लक्ष्मीबाईंची थोरवी ही की, मागे राहिलेल्या त्या बाईची कहाणी त्यांनी स्वतः सांगितली.

ती बातमी आली तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी मेल्यासारखा. कपाळी कुंकू आहे, पण सवाष्ण म्हणून कोणी बोलावील याची खात्री नाही. विधवेला निदान आपले दुःख उघडपणे रडता येते. यांना तेही नाही. खाण्यापिण्याची, झोपेची शुद्ध राहिली नाही. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले, बहीण आणि मेहुणे यांनी आधार दिला, आणि त्या चिमुकल्या दत्तूला घेऊन पंढरपूरला राहू लागल्या. टिळकांची पत्रे येत. ही पत्रे रागाने फाडावीत की जपून ठेवावीत, असा पेच रोजचाच. याच एकांतात त्यांच्या तोंडून कविता बाहेर पडू लागल्या. ज्या माणसाने अक्षरे शिकवली, त्याच्याच विरहाने त्या अक्षरांना अर्थ दिला.

हा भाग वाचत असताना आजीने डोळे पुसले. पंढरपूर तिच्या परिचयाचे. चंद्रभागेच्या वाळवंटात ती कितीदा तरी जाऊन आली होती. त्या वाळवंटात एक बाई लेकराला घेऊन बसली आहे, हे चित्र तिला डोळ्यांपुढे दिसत असावे. नारायणरावांवर मात्र तिचा फार राग झाला.

साडेचार-पाच वर्षे अशी गेली. शेवटी लक्ष्मीबाईंनी मन घट्ट केले आणि मुलाला घेऊन त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे गेल्या. धर्म मात्र सोडला नाही. नवऱ्याचे घर ख्रिस्ती, बायकोची चूल सोवळ्यात! शेजारीपाजारी सारे ख्रिस्ती, आणि त्यांची सावलीही टाळून पाणी भरणारी ही ब्राह्मण बाई. येथे टिळकांच्या स्वभावातील मोठेपणा दिसतो. ज्यांनी एकदा तिला न विचारता घर मोडले होते, त्यांनी आता तिच्यावर तसूभरही जबरदस्ती केली नाही. आपला देव तिने आपल्या पायांनी चालत जाऊन शोधला पाहिजे, हे त्यांना पटले होते.

आणि लक्ष्मीबाई चालत गेल्याच. त्यांना कोणी वादात हरवले नाही की आमिष दाखवले नाही. राहुरीस असताना त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. जाती कोणी केल्या, देवाने की माणसाने? देवाने पशूंच्या, पक्ष्यांच्या जाती वेगळ्या केल्या, त्या पाहताक्षणी ओळखू येतात. माणसांत तसे काही ओळखू येत नाही. मग हा सगळा खटाटोप माणसाचाच असला पाहिजे. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरच्या मुलीने हा विचार केला, हे लक्षात घ्या. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा त्यांनी निश्चय केला. बुद्धीला पटलेले शरीराला पटायला मात्र वेळ लागला. पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरताना जिवाचे पाणी पाणी झाले, पण त्यांनी माघार घेतली नाही. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यांच्या मनात यानंतर हळूहळू उगवली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मी हे वाचले तेव्हा आजीने मला पुस्तक मिटायला सांगितले. त्यानंतर तीन रात्री वाचन झाले नाही. चौथ्या रात्री तिनेच विचारले, त्या बाईचे पुढे काय झाले?

पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. कारण सुख आले, पैसा आला, असे काहीही झाले नाही. टिळक पूर्वीसारखेच राहिले. मिशनचा तुटपुंजा पगार हातात पडायचा आणि वाटेतच संपायचा. घरात पाहुणे, अनाथ मुले, विद्यार्थी, भटके कवी यांची रीघ. दुष्काळाच्या दिवसांत आईबापांवेगळी झालेली पोरे टिळक घरी घेऊन येत आणि त्यांच्या तोंडात घास घालण्याचे काम अर्थातच लक्ष्मीबाईंचे. प्लेगच्या साथीत माणसे सख्ख्या नात्याच्या रोग्याला टाकून पळत होती, तेव्हा या बाई आजाऱ्यांच्या उशाशी बसल्या. एके काळी परक्याच्या स्पर्शाने ज्यांना स्नान करावे लागे, त्याच हातांनी त्यांनी परक्यांची शुश्रूषा केली.

त्याच घरात एक कोवळा कवी राहायला आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. टिळकांनी त्याला घरी आणले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले. तो हट्ट करी, रुसे, त्या समजूत घालीत. निसर्गाची ती अवीट गाणी लिहिणारा हा मुलगा या ख्रिस्ती घरात लाडका होता. कोणी त्याला धर्म सोड म्हटले नाही. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. एका वर्षात मानलेला मुलगा आणि नवरा दोघांचेही दुःख त्यांनी सोसले.

टिळकांच्या धर्मजीवनाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. धर्म बदलला म्हणून त्यांनी आपली भाषा आणि आपले संत टाकले नाहीत. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. अभंग, ओवी, कीर्तन ही आपल्या मातीतील साधने घेऊनच ते ख्रिस्ताचे गुण गात. शेवटी मिशनचा पगारही त्यांनी सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, त्याच परंपरेतील हे ‘ख्रिस्तायन’. थोडे अध्याय होताच टिळकांना मृत्यू आला. ते अर्धे राहिलेले काम कोणी पुरे करावे? ज्या बाईला त्यांनी रागावत रागावत धुळाक्षरे शिकवली होती, तिनेच! दहा-अकरा अध्यायांच्या पुढे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या धर्माने एकदा आपला संसार उधळला, त्याच धर्माच्या नायकाचे चरित्र त्यांनी म्हातारपणी, नातवंडांच्या गलबल्यात, ओवी ओवी जुळवून पूर्ण केले.

पतीच्या मागे त्या काही वर्षे कराचीला मुलाकडे राहिल्या. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून द्या असा देवदत्तांनी आईमागे लकडा लावला. लिहिता लिहिता त्या आठवणी नवऱ्याच्या उरल्या नाहीत, त्यांच्या स्वतःच्या झाल्या. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्या शब्दांनी साऱ्या महाराष्ट्राला वेड लावले होते. पुढे या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरेही झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एवढ्या दुःखातून या बाईला आनंद मिळाला तो कोठून? काही जाणकार म्हणतात की तो त्यांच्या स्वभावातच होता. धर्माचा त्याच्याशी संबंध नाही. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. वडिलांच्या सोवळ्याला हसणारी मुलगी ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीची आहे. पण नीट वाचले तर मला एक फरक जाणवतो. आधीच्या हसण्यात पावसात डोक्यावर घोंगडी घ्यावी तसे स्वतःला वाचवणे आहे. नंतरच्या हसण्यात ती घोंगडी दुसऱ्याच्या डोक्यावर धरलेली दिसते. अनाथ पोर, प्लेगचा रोगी, रुसलेला कवी, सगळ्यांना तिच्याखाली जागा आहे. हा बदल श्रद्धेने केला, असे मला वाटते. आपल्यासारख्या चुकणाऱ्या माणसांवर देव रागावत नाही, प्रेम करतो, एवढे त्यांना मनापासून पटले. मग नवऱ्याच्या चुका, सासऱ्यांचा कडकपणा, समाजाची निंदा, सारे क्षमा करण्याजोगे झाले. क्षमा केल्याशिवाय इतक्या निर्मळपणे हसता येत नाही.

दुसरे असे की, श्रद्धेने त्यांचे दुःख नाहीसे झाले नाही. तसा दावा त्यांनी कधी केलाही नाही. मुले गेली ती गेली, दारिद्र्य होते तसे राहिले. आनंद म्हणजे दुःखाचा अभाव, ही आपली नेहमीची समजूत. पायात काटा असताना दुसऱ्याचे ओझे उचलता येते आणि त्या उचलण्यातही सुख असते, हे लक्ष्मीबाईंचे आयुष्य शिकवते. ख्रिस्ती धर्मात क्रूस आणि पुनरुत्थान या गोष्टी एकत्र येतात. वेदना टाळून पलीकडे जाता येत नाही, ती ओलांडूनच जावे लागते. एका मराठी बाईने हे तत्त्वज्ञान चूल, पाणी, पोरेबाळे आणि उधार-उसनवारी यांच्या भाषेत जगून दाखवले.

मी स्वतः ख्रिस्ती नाही आणि कोणी कोणता धर्म घ्यावा, हे सांगण्याचा माझा अधिकारही नाही. पण दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या चरित्रातून एक गोष्ट घेता येईल. आपल्या या अंकात मराठीशेजारी कन्नड विभाग आहे. १८९४ साली कन्नड भाषेचा मोठा कोश सिद्ध करणारे फर्डिनंड किट्टेल हे दूरदेशाहून आलेले मिशनरी होते, हे कन्नड वाचक जाणतात. दुसऱ्याचे आपलेसे केले म्हणजे आपले सोडावे लागते, असे नाही. टिळक पतिपत्नींनी ख्रिस्त घेतला आणि ओवी सोडली नाही.

शेवटी पुन्हा कडोलीच्या आमच्या सोप्याकडे येतो. त्या सोप्याच्या कोनाड्यात एक वेगळी कपबशी असे. शेतात रोजगाराला येणाऱ्या काही बायकांसाठी ती ठेवलेली होती. त्यांनी चहा पिऊन, स्वतः विसळून, पुन्हा तेथेच ठेवायची. मी ती लहानपणापासून पाहत होतो. राहुरीच्या त्या पाण्याचा प्रसंग मी कंदिलाच्या उजेडात मोठ्याने वाचला तेव्हा ती कपबशी माझ्यापासून चार हातांवर होती. आजीने पुस्तक मिटायला सांगितले तेव्हा मला वाटले, जुन्या वळणाची म्हातारी, तिला हे सोसवणार नाही. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की आजीने त्या रात्री कोनाड्याकडे पाहिले होते. मी पाहिले नव्हते. मी फक्त वाचले होते.

त्या सुगीत कपबशी कोनाड्यातून गेली. तिचे काय झाले ते आजीने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. रोजगाराच्या बायका घरातल्याच कपातून चहा पिऊ लागल्या. आजी पुढेही दर आषाढीला पंढरीला जात राहिली, गळ्यात तीच माळ, कपाळी तोच बुक्का. पण वाचायला बसलो की कधी कधी ती म्हणे, त्या नाशिकच्या बाईचे वाच, त्या कवीच्या पोराचा रुसवा काढते तो भाग. मी वाचीत असे आणि ती पदर तोंडाला लावून हसत असे.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेसाठी नेमलेल्या उताऱ्यापलीकडे जाऊन हे पुस्तक संपूर्ण वाचा. घरात कोणी वडीलधारे असेल तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि वाचताना मधून मधून आपल्या घरातल्या कोनाड्याकडेही पाहा.